न मोजलेली हवा

दातात अडकलेला कण काढताना माणूस ओठांच्या कोपऱ्यातून हवा आत ओढतो ना, तसा एक बारीक सुसकारा माझ्या गाडीच्या बोनेटखालून यायचा. आश्विनातली सकाळ, वैनगंगेवरून येणारा ओलसर वारा, बांधापलीकडे निसवलेल्या धानाचा दुधट गंध, आणि या साऱ्या प्रसन्नतेला चिरत जाणारा तो क्षीण, अखंड, शोषून घेणारा ध्वनी! तो मला बिघाडाच्या पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता. ऐकू येत होता आणि मी ऐकत नव्हतो, एवढीच या लेखाची हकिकत आहे. आता सांगायला घेतली आहे तर सगळीच सांगतो.

गाडी म्हणजे माझी जुनी, इंजेक्टरवाली, पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार. निवृत्त शिक्षकाला शोभेल अशी, सावकाश आणि सोशिक. गेल्या पावसाळ्यात तिच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या, मागून निळा धूर निघू लागला, आणि मी ती कारध्याच्या सुखदेवभाऊंकडे नेली. भंडाऱ्याहून पूल ओलांडला की रस्त्याला लागूनच त्यांचे टिनाचे गॅरेज. तारुण्यात त्यांनी तुमसरच्या गिरण्यांचे धान वाहणारे ट्रक दुरुस्त केले, मग जीपगाड्या, मग आमच्यासारख्यांच्या मोटारी. तीस वर्षांचा आमचा स्नेह. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाला लावून, दुसरे इंजिनावरून फिरवत ते डोळे मिटून ऐकायचे. आणि डॉक्टरांना छातीतले कळावे तसे त्यांना लोखंडातले कळायचे. त्यांनी इंजिन उतरवले, अवयव अवयव वेगळा केला, धुतला, पुसला, नवे घातले, पुन्हा बांधले. परत मिळाली तेव्हा गाडी अशी चालू लागली की मी वेड्यासारखा पवनीपर्यंत उगीचच जाऊन आलो!

चारच दिवसांनी खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी विळा-कोयत्यापासून वाहनांपर्यंत साऱ्या साधनांची पूजा होते, आणि नवा जन्म घेतलेल्या इंजिनाचा मान तर त्या वर्षी मोठाच. आमच्या घरची मंडळी सहसा चाकांना कुंकू लावतात आणि पुढच्या जाळीला माळ बांधतात. मी म्हटले, यंदा हृदयाचीच पूजा करू. बोनेट उघडले, इंजिनाला हळद-कुंकू वाहिले, आणि झेंडूची माळ लाल धाग्याने हाताला लागेल त्याला घट्ट बांधली. आठवड्याभराने फुले वाळून काळी पडली, तेव्हा मीच हिसका देऊन ती ओढून काढली आणि नदीत सोडली.

त्यानंतर गाडी बिघडली. वेग घेतला की शहाणी, पण फाटकापाशी उभी राहिली की धापा टाकायची. गती आपोआप चढायची, पडायची, मधूनच फट् करून खोकायची. पुढच्या काचेखाली पिवळा दिवा लागला तो विझेना. मी सुखदेवभाऊंकडे गेलो. त्यांनी प्लग काढून पाहिले. ते भाजलेल्या चुन्यासारखे पांढरे झाले होते. "पेट्रोल कमी अन् हवा जास्त होऊन राहिली, गुरुजी," ते म्हणाले. "चालताना बरी, उभी राहिली का तडफडते. म्हणजे कुठून तरी हवा चोरून राहिली." अशा गाडीत किती हवा आत आली ते यंत्र मोजते आणि त्या बेताने पेट्रोल सोडते, पण एखाद्या फटीतून न मोजलेली हवा शिरली, तर सारा हिशेबच फसतो. हे त्यांनी मला समजावले. मग त्यांनी विचारले, "बोनेटमंधी कोणी हात तं नाई लावला ना?"

मी म्हणालो, नाही.

आणि खोटे बोललो नाही हो! पूजा म्हणजे हात लावणे, हे माझ्या मनातसुद्धा आले नाही. त्यांनी थोड्या वेळाने पुन्हा विचारले, नळी कानाला लावून झाल्यावर तिसऱ्यांदा विचारले, आणि तिसऱ्यांदा तर मी चिडलोच. रस्त्यावरून ट्रकांची रांग चालली होती. त्या घरघराटात त्यांना सुसकारा ऐकू येई, पण त्याचे ठिकाण सापडेना. "एक सकाळ गाडी माह्यापाशी राहू द्या जी," ते म्हणाले. "रस्ता निजला असला का सापडते." एक सकाळ! माणसाने मागून मागून काय मागावे?

तेवढीही न देता मी गाडी नागपूरला नेली. तिथल्या काचेच्या दालनात निदानयंत्र जोडले गेले, पडद्यावर हवा-पेट्रोलाचे प्रमाण बिघडल्याची ओळ उमटली. एका नीटनेटक्या तरुणाने एक सेन्सर बदलला, इंजेक्टर धुतले आणि सौजन्याने सांगितले की इंजिन नीट बांधलेले दिसत नाही. गाडी होती तशीच राहिली, पण मला मात्र एक गुन्हेगार मिळाला. परतल्यावर बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर मी म्हणालो, सुखदेवभाऊंचा हात आता गेला, नव्या गाड्या त्यांच्या आवाक्यातल्या नाहीत. उचलली जीभ, लावली टाळ्याला! गुरुजी म्हणतात म्हणजे खरेच असणार, असे लोकांनी धरले. चाळीस वर्षे मी मुलांना शब्द तोलून वापरायला शिकवले आणि स्वतः मात्र एका सज्जनाच्या आयुष्यात न मोजलेली हवा सोडून मोकळा झालो.

गोष्ट त्यांच्या कानावर गेली. ते एकदा घरी आले. दिवाळीनंतरची सकाळ होती, खांद्यावर शाल होती. तक्रारीचा एक शब्द नाही. फक्त पुन्हा म्हणाले, "गाडीची किल्ली द्या जी, एक डाव पायतो." मी त्यांना चहा पाजला, किल्ली दिली नाही. आज तो प्रसंग आठवला की माझा मलाच राग येतो. खुंटीवर लटकत होती ती किल्ली, आम्हा दोघांनाही दिसत होती.

पुढे गिऱ्हाइके तुटली, आणि पौषात गॅरेजचे शटर पडले ते पडलेच. सुखदेवभाऊ आसगावला आपल्या शेतीवर गेल्याचे कळले. मी मनाशी म्हटले, वय झाले असेल.

फाल्गुनातल्या एका दुपारी पाणी पाहायला बोनेट उघडले. गाडी चालूच होती, अंगण निःशब्द होते, आणि सुसकारा स्पष्ट येत होता. इंजिनाच्या मागल्या अंगाला, खाली, बोटाएवढ्या जाडीची, हवेची एक रबरी नळी आहे. तिच्याभोवती काळपट काहीतरी गुंडाळलेले दिसले. नखाने खरवडले, तर आतून लाल रंग निघाला. खंडेनवमीचा धागा! मी हिसका दिला तेव्हा माळ सुटली होती, धागा तिथेच राहिला होता, आणि नळी आपल्या जागेवरून गव्हाएवढी सरकली होती. अंगठ्याने ती आत दाबली. सुसकारा थांबला. इंजिनाची धाप बसली आणि ते एका लयीत, शांत, समाधानाने चालू लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण मला हसू आले नाही. मी तिथेच पायरीवर बसलो.

दुसऱ्याच दिवशी आसगावला गेलो. सुखदेवभाऊ उन्हाळी धानाला पाणी देत उभे होते, घोट्यापर्यंत चिखल. मी काहीही न सजवता सगळे सांगितले आणि धागा त्यांच्या तळहातावर ठेवला. मला वाटले होते रागावतील. रागावायला हवे होते. ते तो धागा बोटांत फिरवत म्हणाले, "म्हंजे हवाच होती?"

हो, म्हणालो.

"मी समजलो, माहा कानच गेला," ते म्हणाले. "मले त हवाच ऐकू येऊन राहिली होती. पन तुमी नाई म्हना, नागपूरवाले नाई म्हनत. म्हटलं, आता आपल्याले ऐकू येते ते खरं नाई. मंग कायले लोकायच्या गाड्या खोलाव्या?"

मी समजत होतो की मी त्यांचा लौकिक घालवला. लौकिक काय, माफी मागून, टपरीवर उभे राहून, चार लोकांना सांगून थोडाफार परत मिळवून देता येतो. आणि ते मी नंतर केलेही. पण त्यांचा स्वतःच्या कानावरचा विश्वास मी घालवला होता, तो कोणत्या टपरीवर उभे राहून परत द्यायचा? गॅरेज पुन्हा उघडा, असे मी विनवले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाने-पकडी तुमसरच्या एका मिस्त्रीला देऊन टाकल्या होत्या. कानाला लावायची ती रबरी नळी तेवढी राहिली होती. तिने ते आता रोपांच्या वाफ्यात पाणी सोडत होते.

निघताना ते बांधापर्यंत आले. गाडी सुरू करायला सांगितली, मान तिरपी केली, डोळे मिटले. किती वेळ उभे होते! मग माझ्याकडे पाहून विचारले, "बरी वाटते ना जी, तुमाले?" पूर्वी ते सांगायचे, आता विचारत होते.

गाडी अजून उत्तम चालते. कारध्याचा पूल उतरलो की त्या बंद शटरासमोर खिडकीच्या फटीतून वारा आत शिरतो आणि अगदी तसाच बारीक सुसकारा करतो. ती फट खिडकीचीच आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. तरी मी दर वेळी गाडी बाजूला घेतो, बोनेट उघडतो आणि ट्रकांची रांग सरेपर्यंत कान देऊन उभा राहतो.