प्रशिक्षणाचा फोटो

माझ्या माणसांचं सुरक्षा प्रशिक्षण मी सात मिनिटांत उरकलं. नगरपालिकेच्या दिव्यांचं कंत्राट मिळालं होतं आणि फायलीला प्रशिक्षणाचा फोटो जोडायचा होता. पाचही वायरमनना हेल्मेट चढवली, कमरेला नवे सेफ्टी बेल्ट बांधले. फोटो झकास आला. मग बेल्ट मळू नयेत म्हणून ते परत पिशव्यांत घालून कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. एवढी दक्षता मी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवलेली नाही.

आज तळ्याकाठून जाताना त्या पाचांतला भिकाजी दिव्याच्या खांबाच्या टोकावर दिसला. वारा सुटला होता. खांब अगदी जरासा हलत होता आणि त्याच्याबरोबर भिकाजीही. एका हाताने खांबाला मिठी, दुसऱ्यात पक्कड, कमरेला काहीच नाही. खाली त्याच्या चपला नीट जोडीने काढलेल्या, देवळाबाहेर काढतात तशा. त्यांच्याकडे मला बघवेना.

फोटोतल्या माणसाचं बरं असतं. त्याला वारा लागत नाही, त्याचा तळहात घामेजत नाही. नगरपालिकेला तोच माणूस हवा होता आणि मीही तोच पुरवला. खांबावर मात्र दुसराच कुणीतरी चढतो.

चपलांवर धूळ बसू लागली होती. माझा हात नकळत खिशातल्या किल्लीकडे गेला.

"भिकाजी, बेल्ट कुठाय तुझा?" मी खालून ओरडलो.

"फोटोत हाय, शेठ," तो मान न वळवता म्हणाला. "आन् आता बोलायला लावू नका, हात सुटंल माजा."