वाघरीच्या गाठीची रॅकेट

साधना माफ करणाऱ्यांतली नाही, आणि मला ती त्यासाठीच आवडते. झालं गेलं सोडून द्यावं, असं लोक सांगतात. ज्यांचं काही गेलेलं नसतं, तेच असं सांगतात.

साधनाचा गेला तो उजवा खांदा. आम्ही दोघी शिरूरच्या एका शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो. मी लुबना, शिरूरचीच. ती केंदूरची, मेंढपाळाच्या घरातली. आता घरी शेती आहे, मेंढ्या मोजक्याच उरल्यात. दहावीत राज्याच्या संघाच्या निवडीआधी खेळाच्या हौसराव सरांनी तिला भर उन्हात कॅचला उभं केलं. ते बॅटनं चेंडू उंच उडवायचे, हिनं झेलायचा आणि लांबून त्यांच्याकडे फेकायचा. साधना म्हणाली, "सर, खांद्यात कळ येतीय." सर म्हणाले, "अजून एक." ती पुन्हा म्हणाली. "नाटकं करू नको. अजून एक." शेवटी हात लोंबायला लागला, तेव्हा सगळ्या पोरींसमोर ओरडले, "मेंढरं हाकायचा हात हाय त्यो, खेळायचा न्हाई!" संघात तिच्या जागी सरांची पुतणी गेली. साधनाचा हात त्या दिवसापासून खांद्याच्या वर जात नाही.

लग्न होऊन ती खुटबावला गेली, मी रांजणगावच्या कंपनीत लागले. एकदा तिचा फोन आला.

"लुबने, सराची टीम अजून खेळती. मला त्याला हरवायचंय. त्याच्या पोरींच्या देखत."

"खेळणार कोण, तू?"

"गावातल्या पोरी हायेत की. शिकवीन."

शिकवायला बसली आणि तिथंच घोडं अडलं. उंच झेलांचा सराव द्यायचा, तर चेंडू आभाळात उडवायला हवा. बॅट फिरवायची तर खांदा लागतो. मी कंपनीच्या क्लबातली टाकून दिलेली टेनिसची रॅकेट नेऊन दिली. सॉफ्टबॉलचा चेंडू जड. तारा तटातट तुटल्या. ती तुटकी रॅकेट तिनं बराच वेळ हातात फिरवून बघितली. मग म्हणाली, "चेंडू जाळीनं उडवायचा, हातानं न्हाई. मी करते अशी."

माझा भाऊ सोहेब फॅब्रिकेशनचं काम करतो. त्यानं अ‍ॅल्युमिनियमचा पाईप वाकवून मोठी अंडाकृती चौकट केली. दोन्ही हातांनी कमरेपाशी धरता यावी म्हणून दांडा लांब ठेवला, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली. जाळीसाठी तिनं वडलांना, आण्णांना, बोलावून घेतलं. शेतात मेंढ्या बसवायच्या तर त्यांच्याभोवती दोरीची जाळी लावतात, ती वाघर. आण्णांनी जन्मभर वाघरी विणल्या; त्यांची गाठ घसरत नाही.

पहिल्याच चेंडूला पचका झाला. चेंडू जाळीत रुतला आणि तिथंच बसला. पोरी हसून हसून लोळल्या. आण्णांनी सवयीनं झोळ ठेवला होता, भोकंही मोठी. मेंढरू जाळीला डोकं लावतं. जाळी ताणलेली असली तर त्याचा गळा कापतो. म्हणून वाघर ढिली.

"ताणली तर जिवाला लागंल, पोरी," आण्णा म्हणाले.

"आण्णा, ह्यात मेंढरू न्हाई कोंडायचं. हौसराव कोंडायचाय."

आण्णा खाली बसले आणि सगळ्या गाठी सोडल्या. या वेळी बारीक नायलॉनची दोरी, बोटभर भोकं. दांड्याकडच्या बाजूला साधनानं बाजेसारखी सोय केली. बाज ढिली झाली की पायथ्याची दोरी ओढून ताणतात, तशी. तिनं दोरी खेचली, चेंडू वर सोडला आणि कमरेतूनच झटका दिला. चेंडू लिंबाच्या शेंड्यावरून गेला. "घे!" ती ओरडली. ते चेंडूला नव्हतं, हे मला कळलं.

हिवाळाभर पोरी झेल घेत राहिल्या. कुणी दुखतंय म्हणाली की साधना तिला लगेच सावलीत बसवायची. मी तिच्या चांगुलपणाचं कौतुक केलं, तर फटकारलं मला. "कशाचा चांगुलपणा? मला हौसराव व्हायचं न्हाई, येवढंच."

सामना दौंडला झाला. सरांच्या टीमची एकच युक्ती: उंच मारायचं आणि समोरच्यांनी झेल सोडायची वाट बघायची. आमच्या पोरींनी एकही सोडला नाही. आम्ही जिंकलो. मला वाटलं, फिटलं सगळं. साधनाला तसं वाटत नव्हतं.

आणि सर आपल्या पायांनी चालत आले. त्यांनी तिला ओळखलंच नाही. मला तर त्यांची मानगूट धरावीशी वाटली.

"मॅडम, सकाळी वार्मअपला बघितलं. ही रॅकेट भारी हाय. मला बी एक करून द्या की."

"देते की," साधना गोड हसून म्हणाली. "आधी झेलून तरी बघा."

त्यांच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. माणूस पहिल्यापासून मिजासखोर. हातमोजा घालून लांब जाऊन उभा राहिला. साधनानं दोरी अजून थोडी ताणली.

पहिला झेल त्यांनी ऐटीत घेतला, चेंडू जोरात परत फेकला. साधना म्हणाली, "अजून एक, सर." पुन्हा घेतला, पुन्हा फेकला. "अजून एक." पोट सावरत ते धावू लागले. फेक आखूड पडू लागली. पोरी खुसूखुसू हसत होत्या, त्यामुळे थांबता येईना. साधना कमरेतून झटके देत होती. तिला दमायचं कारणच नव्हतं.

शेवटी त्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा धरला. "बास, मॅडम. खांद्यात कळ येतीय."

"नाटकं करू नका, सर. मेंढरं हाकायचा हात हाय हा माझा. अजून एक."

सरांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "साधना?"

तिनं चेंडू उडवला. त्यांनी वर बघितलंच नाही, तो त्यांच्या पायापाशी येऊन पडला. मी जाऊन चेंडू उचलला, कारण तो आमचा होता. माझं काळीज निवलं होतं, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

साधनानं रॅकेटची दोरी ढिली केली. "चल," ती म्हणाली, "पोरींना भूक लागली असंल."