खाली रस्ता नसलेला पूल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकांना नाही, आणि दर रविवारी डोळे मिटून ज्याच्यापुढे बसतो त्यालाही — खरं सांगायचं तर — आडवळणानंच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ फार गोड चालते. धंदाच तसा आहे.

धंदा फोटोचा. श्रीरामपुरात माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बाप्तिस्मे, पेन्शनला लागणारे पासपोर्ट साईज — सगळं काढतो. पण तुम्ही आत आलात तर समोरच्या भिंतीवर नवरा-नवरी दिसणार नाहीत. तिथे एक मोठा काळापांढरा फोटो आहे. नगरच्या उड्डाणपुलाचा, त्याचं काम चालू होतं तेव्हाचा. पुलाचे दोन हात दोन बाजूंनी आलेले, मधे जोडायचे राहिलेले, टोकांतून लोखंडी गज बाहेर आलेले, आणि मधल्या फटीत एकच पांढराशुभ्र ढग. बाकी सगळं काळं. आणि त्या पुलाच्या खाली काहीच नाही. रस्ता नाही, माणूस नाही, जमीनसुद्धा नाही. नुसता अधांतरी लटकलेला.

या फोटोनं माझं नाव झालं. पुण्यात एका प्रदर्शनात लागला, बक्षीस मिळालं, पेपरात आला. तिथे एका जाणकार बाईंनी मला विचारलं, पुलाखालची जमीनच काढून टाकायचं तुम्हाला सुचलं कसं? मी काय सांगितलं असेल? अवकाश, भार, मौन — असे तीन-चार शब्द मी तोवर उचलले होते. ते एकापुढे एक ठेवून दिले. बाईंनी मान डोलावली. तेव्हापासून मी तेच करत आलो. कोपरगावकडून जाणाऱ्या नव्या महामार्गाचे उंच खांब, त्यांच्या सावल्या, वळणं — सगळं काळंपांढरं, आणि सगळ्यातून रस्ता, गाड्या, माणसं कापून टाकलेली. लोक त्याला माझी शैली म्हणतात.

शैली कसली — पण थांबा. आधी मयताच्या फोटोचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मयत झालं की पेटी चर्चमध्ये आणतात. झाकण बाजूला काढलेलं असतं. घरचे सगळे पेटीभोवती उभे राहतात आणि एक फोटो होतो. मग प्रार्थना, मग झाकण, मग खिळे. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. गेलेल्या माणसाबरोबर कसला फोटो? पण आमच्यात तो असतोच. लग्नाच्या अल्बमशेजारी त्याच ट्रंकेत ठेवलेला असतो. मी स्टुलावर चढतो, हळू आवाजात 'जरा जवळ या' म्हणतो, आणि ओक्साबोक्शी रडणारी माणसंही क्षणभर सरळ उभी राहतात. या कामात माझा हात चांगला आहे. गावोगावचे लोक माझ्यासाठी थांबतात.

थांबतात — हाच शब्द मला लिहायचा नव्हता.

मार्थाकाकू आमच्या गावच्या, म्हणजे श्रीरामपूरपासून जवळच. आमची घरं भिंतीला भिंत लावून. माझी आई शाळेत शिकवायला जायची तेव्हा मला दुपारचं जेवू घालायचं काम काकूंचं, आणि सायकलच्या नळीवर बसवून हिंडवायचं काम योसेफकाकांचं. काका साखर कारखान्यात फिटर होते. तिघा भावांतले मधले. थोरला आणि धाकटा शेताच्या बांधावरून भांडले ते कायमचे. एक आला की दुसरा उठून जायचा. लग्नात, नाताळात, कुठेही. काकांनी दोघांकडे किती खेपा घातल्या असतील. काही उपयोग झाला नाही. माझ्या अल्बमांत ते तीन भाऊ एकत्र असलेला एकही फोटो नाही.

मग एका मे महिन्यात काका गेले, आणि दोघंही आले.

काकूंचा फोन आला तेव्हा मी नगरमध्ये होतो. दुरुस्तीला टाकलेला कॅमेरा घ्यायला गेलो होतो. काकू रडत नव्हत्या. आवाजात रडण्यापेक्षा निराळंच काहीतरी होतं — आनंद म्हणायला नको, पण त्याच्या जवळचं.

"शमू, दोगंबी आल्यात रे. शेजारी शेजारी बसल्यात. तू ये लवकर. तू आल्याबिगर मी पेटी झाकू द्यायची न्हाई."

मी म्हणालो, "निघालोच, काकू."

निघालोच. आपल्याकडे अंघोळीला न गेलेला माणूसही निघालेलाच असतो. पण त्या वेळी मी खरंच निघालो होतो. वेळ भरपूर होता. गाडी काढली, पुलाच्या कामाशेजारून जात होतो, आणि मान वर गेली.

तो ढग अजून फटीत आलेला नव्हता. बाजूला होता, मोठा, कडेला ऊन लागून चमकणारा. मी गाडी कडेला घेतली. एकच फोटो काढू म्हटलं. खाली उतरून पुलाच्या एका टोकाखाली उभा राहिलो आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. इतकी वर्षं मी माणसांचे चेहरे काढत होतो — हसा, हनुवटी वर, डोळे मिटू नका. इथे कुणाला काही सांगायचं नव्हतं. काँक्रीटची ती काळी धार आणि मागचं आभाळ. माझं मलाच वाटलं, हे आपलं आहे. हे आपण करायला हवं होतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं वाटतं तेव्हा काय होतं, तुम्हाला माहीत आहे का? तो फार स्वार्थी होतो. आणि त्याला ते कळतसुद्धा नाही.

नाही — कळत होतं. हे वाक्य मी खोडत नाही, पण ते खरं नाही. मला कळत होतं.

कारण मधे काकूंचा पुन्हा फोन आला. कुठवर आलास? मी ढगाकडे पाहत म्हणालो, राहुरी ओलांडली, म्हणजे निम्मी वाट सरली. मी नगरमध्येच, पुलाच्या खांबाला टेकून उभा होतो. ढग हळूहळू सरकत होता. तिसरा फोन मी घेतला नाही. वाजू दिला. फटीत ढग शिरला, अगदी मधोमध आला, आणि मी फोटो काढला. मग आणखी काढले, कारण पुन्हा असं ऊन मिळायचं नाही. मग गाडीत बसून ते सगळे एकदा पाहिलेसुद्धा.

गावात पोचलो तर चर्चला कुलूप होतं. मी कबरस्तानाकडे पळालो. लोक माती लोटत होते.

मी सांगितलं, नगरमध्ये पुलाच्या कामासाठी रस्ता बंद केला होता. गाड्यांची रांग लागली होती, मागे-पुढे होता येईना, हॉर्नच्या गोंगाटात फोन ऐकू आला नाही, आणि राहुरी ओलांडली म्हणालो ते काकूंना धीर यावा म्हणून. सांगताना मला घाम फुटला होता, तो माझ्या कामी आला. सगळ्यांनी विश्वास ठेवला. त्या पुलाच्या कामानं नगरमध्ये कोण अडकलं नव्हतं? काकूंनी तर मातीचा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"तुजा काय दोस, बाबा. रस्ताच बंद आसल तर मानूस काय करनार?"

रस्ता बंद नव्हता. रांग नव्हती. उन्हाच्या त्या वेळी तिथे साधा हॉर्नही वाजत नव्हता.

आता म्हणाल, फोटो राहिला एवढंच ना? मीही स्वतःला तसंच सांगितलं, काही दिवस. काकांच्या पुतण्यानं मोबाईलवर काढले होतेच. त्यात थोरल्याची पाठ आहे, कुणाचं तरी कोपर आहे, आणि धाकटा नाहीच. तो का नाही, ते मला नंतर एकेकाच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं कळलं.

मे महिना. चर्चला वर पत्रे. काका आदल्या संध्याकाळी गेलेले. घरी होते तोवर खाली बर्फाच्या लाद्या होत्या, पेटीत कुठला बर्फ? पाळकांनी दोनदा विचारलं, सुरुवात करू या का. काकूंनी पेटीच्या कडेवर हात ठेवला आणि सांगितलं, न्हाई, शमू राहुरीच्या पुढं आलाय. राहुरीच्या पुढं. मी दिलेलं गाव धरून बसल्या होत्या. मग वास सुरू झाला. आधी कुणी बोललं नाही. मग पदर नाकाला लागले, कुणीतरी अत्तर शिंपडलं आणि ते जास्तच वाईट झालं. लहान मुलांना बाहेर नेलं. माणसं कोंडलेल्या उन्हात उभी, चिडलेली, आणि त्या चिडण्यात थोरल्या आणि धाकट्याची पुन्हा जुंपली — पेटीच्या दोन बाजूंना उभं राहून. धाकटा निघून गेला. तेव्हा नाही, पण नंतर थोरला सगळ्यांसमोर काकूंना म्हणाला, फोटोच्या हौसेपायी भावाचं मढं नासवलंस.

हे वाक्य गावात राहिलं. तुम्हाला माहीत आहे, अशी वाक्यं कशी राहतात. कुणी वाईट बुद्धीनं बोलतही नव्हतं, पण कुठे मयत झालं आणि उशीर होऊ लागला की कुणीतरी म्हणायचंच, आटपा, मार्थाबाईंसारखं नको. आणि काकू ते ऐकायच्या आणि मान हलवायच्या. त्यांनी ते पटवून घेतलं होतं. इतका शांत माणूस त्यांचा नवरा, कुणाला कधी त्याचा त्रास झाला नाही, आणि शेवटच्या दिवशी त्याच्यापासून लोकांनी तोंड फिरवलं — ते आपल्यामुळे, असं त्या धरून चालल्या. आईपाशी त्या हे बोलल्या होत्या. आईनं मला सांगितलं. मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला, आणि विषय बदलला.

दोन मिनिटांचं काम होतं. भिंतीला भिंत लावलेलं घर. काकू, मी खोटं बोललो, मी पुलाचा फोटो काढत होतो. एवढंच. लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या, मयताची कामं गेली असती, थोरल्यानं कानाखाली वाजवली असती. पण ते वाक्य काकूंच्या अंगावरून निघून माझ्या अंगावर आलं असतं. ते मला नको होतं.

आणि मग प्रदर्शनाचं आलं. मूळ फोटोत खाली रस्ता होता. चांगला रुंद, उन्हात पांढरा पडलेला, रिकामा रस्ता. कडेला माझीच गाडी, दार उघडं. पुण्याला पाठवायचा म्हणून मी तो मोठा करून पाहत होतो, तेव्हा नजर त्या उघड्या दारावर अडली. उद्या हा पेपरात आला तर? गावातल्या कुणीतरी विचारलं तर, तू अडकलास तो हाच का रस्ता? मी खालची सगळी बाजू कापली. माझी शैली म्हणतात ती ही.

काकूंना पुढे फोटो म्हटलं की नको व्हायचं. लग्नकार्यात मी कॅमेरा वर केला की त्या हळूच खांबाआड व्हायच्या. मी 'काकू, या' म्हणायचो आणि त्या नुसता हात हलवायच्या. फक्त एकदा स्टुडिओत आल्या, पेन्शनच्या पासपोर्ट फोटोसाठी. खुर्चीवर बसल्या, पदर नीट केला, आणि समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिल्या. कुठला म्हणून विचारलं. नगरचा पूल, मी म्हणालो. आवाज माझ्या मते नेहमीचा होता.

"याच्या खाली रस्ता न्हाई का रं?"

"होता, काकू. मी कापला."

इतक्या जवळ मी पुन्हा कधी आलो नाही. पुढचं वाक्य तोंडात होतं, खरंच होतं. काकूंनी फोटोवरची नजर काढली नाही.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "त्याच रस्त्यानं तुला आडवलं हुतं."

मी म्हणालो, हनुवटी थोडी वर. आणि फोटो काढला.

या वर्षी काकू गेल्या. सकाळी त्यांच्या मुलीचा, रूथचा फोन आला आणि मी लगेच निघालो. सगळ्यांच्या आधी पोचलो. कॅमेरा गाडीत होता. सवयीनं आणला होता. रूथनं दारातच सांगितलं, आईनं बजावून ठेवलंय — फोटो नको, पेटी घरीच झाका, आणि कुणासाठी थांबू नका. एवढं सांगून तिनं माझा हात धरला. म्हणाली, दादा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यावर तिचा कधीच राग नव्हता.

चर्चला न्यायच्या आधी, घरातच, खोलीत मोजकी माणसं असताना पेटी झाकायची ठरली. झाकण जड होतं. रूथ म्हणाली, दादा, जरा धरता का? मी एका बाजूनं धरलं. काकूंचा चेहरा मी पाहिला — नीट, शेवटचा, जसा फोटोत पाहिला असता तसा. मग आम्ही झाकण ठेवलं.