माझा नसता उद्योग

मंडळी, आज माझ्या हातून एक चांगला माणूस गेला.

आमच्या नव्या पक्षात कारखानदार घुसू नयेत म्हणून मी नियमावलीत कन्नडमधून कलम लिहिलं: 'उद्योग असणाऱ्यांना सदस्यत्व नाही.' शिकलो बेळगावच्या मराठी शाळेत, पण कन्नड येतं या तोऱ्यात कुणाला दाखवलं नाही.

पीण्या भागातल्या कारखान्यात लेथवर काम करणारे शिवण्णा आज सही करायला आले. वाचता वाचता थबकले.

"उद्योग असलेले खरंच नकोत?"

"एकही नको!" मी ठसक्यात म्हणालो.

"सरी अण्णा." 'बरं दादा' एवढंच म्हणून, पेन ठेवून ते निघून गेले.

नंतर शेजारच्या अक्कांनी सांगितलं, कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी.

शब्द लगेच बदलला. शिवण्णा फोन उचलत नाहीत.

त्यांनी 'खरंच?' विचारलं होतं हो. 'का विचारताय?' एवढंही मला विचारता येऊ नये?