नऊ आठवड्यांचा कागद

सगुणाला मी पहिल्यांदा पाहिलं ते शहाऐंशी सालच्या एप्रिलमध्ये, आणि पहिल्या पाच मिनिटांतच आमचं भांडण झालं.

मी द्रौपदी. तेव्हा घाटकोपरला एका सोनोग्राफी सेंटरवर कामाला होते. नवरा वारल्यावर ही नोकरी धरली होती, विक्रोळीहून रोज यायचे. नावं लिहायची, बायकांना पाणी पाजून बसवायचं, आतल्या टेबलावरची चादर बदलायची, पोटावरची जेली पुसायला कापूस द्यायचा, हे माझं काम. मशीन नवीन होतं. त्याला गारवा लागतो म्हणून आतल्या खोलीत एसी लावला होता. बायका बाहेर घामाने भिजायच्या.

सगुणा माहुलच्या कोळीवाड्यातली, चेंबूरच्या बाजारात मासळी विकणारी. वय तेहेतीस. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तीनदा दिवस गेले होते आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. आता चौथी खेप, म्हणून म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातून चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवलेली. बरोबर सासू होती, पार्वती. दोघी एकाच बाकावर बसल्या, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही," मी म्हटलं.

"कशाला?"

"सांगितलं तेवढं करा ना."

"सांगायला तुझा पगार जातो का गो?"

मी तिची फाईल उचलून सगळ्यात खाली ठेवली. डॉक्टर त्या दिवशी दीड तास उशिरा आले. तोवर ती पोट धरून येरझाऱ्या घालत होती. शेजारच्या बाकावरच्या एका बाईने नाकाला पदर लावला, तशी सगुणा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "नीट झाक. वास लागला तर पोराला म्हावरं आवडंल उद्या." ती बाई उठून जिन्यात जाऊन बसली.

आत घेतल्यावर डॉक्टरांनी शेवटची पाळी विचारली.

"माघी गणपतीनंतर पाचव्या दिवशी," सगुणा म्हणाली. "पण माझं नेमाचं नाय, डॉक्टर. कधी दोन दोन महिने येत नाय."

डॉक्टरांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि कागदावर लिहिलं, नऊ आठवडे. मग तिच्या पोटावर मशीनचा दांडा फिरवला. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्या आणि मध्ये एक छोटा काळा ठिपका. डॉक्टरांनी दोनदा दाबून पाहिलं.

"गर्भाची पिशवी आहे. आत काही दिसत नाही. नऊ आठवड्यांना ठोका दिसायलाच पाहिजे. खराब झालंय हे. उद्या सकाळी उपाशी पोटी ये, शेजारच्या नर्सिंग होममध्ये धुऊन टाकू."

सगुणा कोपरावर उठून बसली. "नऊ आठवडे कुठून झाले? माझा नवरा दोन महिने गोराईला मामाच्या होडीवर होता. शिमग्याला घरी आला. त्याच्या आधी नाय."

"ते तुझं तू बघ," डॉक्टर म्हणाले.

मला हसू आलं. थोडंसंच, पण तिने ते पाहिलं.

बाहेर मी तिच्यापुढे फॉर्म ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या क्युरेटिंगसाठी सही लागत होती आणि डॉक्टरांना सह्या वेळेवर लागायच्या. "मेलेलं पोटात ठेवून काय करणार बाई? विष होईल. करून टाका सही."

"धुवायचंच असंल तर तुझं तोंड धू," ती म्हणाली आणि संडासाकडे गेली.

तेवढ्या वेळात पार्वती माझ्या टेबलाशी आली. पातळ, काळी, ताठ म्हातारी. "बाय, काय लिवलंय त्यात?"

मी कागद वाचून दाखवला. ठोका नाही. नऊ आठवडे.

"नऊ आठवडे म्हंजी किती?"

"दोन महिन्यांच्या वर."

"आन शिमगा होऊन किती झालं?"

"चार आठवडे," मी सांगितलं. म्हातारीने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं होतं. डॉक्टर आठवडे पाळीपासून मोजतात, बाईची पाळी अनियमित असेल तर ते आकडे खोटे ठरतात, एवढं मला दोन वर्षांच्या नोकरीत माहीत झालं होतं. एक वाक्य बोलायला हवं होतं. ते मी बोलले नाही, कारण सगुणाने मला तोंड धू म्हटलं होतं.

पुढचं मला कमळकडून समजलं. कमळ सगुणाची शेजारीण, आमच्या विक्रोळीच्या चाळीत सुकी मासळी घेऊन यायची.

त्याच संध्याकाळी पार्वतीने दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "माझा पोरगा गोराईला, आन हिच्या पोटात नऊ आठवडे कुणाचे?" सगुणा मासळीची पाटी धूत होती. तिने पाटीतलं पाणी तसंच म्हातारीच्या अंगावर ओतलं. मग झटापट झाली, चार बायकांनी सोडवली. अनंता, सगुणाचा नवरा, ओट्यावर बसून होता. तो आईला म्हणाला, "हळू बोल." आणि सगुणा आत गेल्यावर तिच्यामागे जाऊन त्याने हलक्या आवाजात विचारलं, "खरं सांग, काय हाय?"

"तुला मोजता येत नाय का?" सगुणा म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. पार्वतीने चुलीला हात लावू दिला नाही, तेव्हा तिने पडवीत तीन विटा मांडल्या आणि आपलं वेगळं रांधलं. म्हातारी रोज सकाळी एकच पालुपद लावायची: धुऊन घे आणि ट्रॉम्ब्याला आयशीकडे जा. त्यात तिला विसंगती दिसत नव्हती. मूल मेलेलं होतं म्हणूनही सून नको होती आणि मूल दुसऱ्याचं होतं म्हणूनही.

सगुणा बाजारात जात राहिली. बाजारातही गोष्ट पोचलेली होती. एका गिऱ्हाइकाने काहीतरी टोमणा मारला, तर तिने तोललेली कोलंबी परत पाटीत टाकली आणि त्या बाईला हाकलून लावलं. पण कमळ सांगायची, दर सकाळी उठल्यावर ती आधी आपलं लुगडं तपासायची. मागच्या तिन्ही वेळी कंबरेतून कळ सुरू झाली होती, म्हणून ती पाटी उचलताना श्वास धरायची. एकदा फक्त ती कमळला म्हणाली, "आता पडलं ना, तर या म्हातारीचं खरं होईल गो. मग मी मेले तरी खोटीच."

दवाखान्यातल्या नर्सने तिला सांगितलं की तारखांचा घोळ असेल तर थांब, दोन-अडीच आठवड्यांनी पुन्हा फोटो काढ. ती सतरा दिवस थांबली.

अठराव्या दिवशी ती नवऱ्याला आणि सासूला घेऊन आमच्या जिन्यावरून वर आली. दोघांना तिने धमकी दिली होती की आला नाहीत तर जमातीच्या पंचांपुढे उभं करीन आणि तिथे मोजायला लावीन. तिघांपैकी कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. न सांगता ती पाच ग्लास पाणी प्यायली. मी तिची फाईल सगळ्यात वर ठेवली. तिने ते पाहिलं, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"ही दोघं आत येतील," ती डॉक्टरांना म्हणाली.

"नातेवाईक बाहेर."

"मग मी या टेबलावरनं उठत नाय. बोलव कुणाला बोलवतोस त्याला."

बाहेर सात बायका पाणी पिऊन बसल्या होत्या. डॉक्टर चरफडले. "मशीनला हात लावू नका," एवढं म्हणून त्यांनी दिवा मालवला.

मी दाराशी उभी होते. पडद्यावर पिशवी आली, आधीपेक्षा मोठी, आणि तिच्या एका कडेला वालाच्या दाण्याएवढं काहीतरी. त्या दाण्याच्या मध्यात भरभर उघडझाप चालली होती. डॉक्टरांनी दांडा तिथेच धरून ठेवला.

"हं," अखेर ते म्हणाले.

"हं म्हंजी काय?"

"ठोका आहे."

"दाखव मला."

"तुला काय कळणार त्यातलं?"

मी पुढे झाले आणि मशीनची ट्रॉली वीतभर तिच्याकडे ओढली. डॉक्टर माझ्यावर खेकसले, की उद्यापासून येऊ नकोस. पण तोवर सगुणाने मान वळवली होती. बराच वेळ ती त्या लुकलुकण्याकडे बघत राहिली. अनंताही वाकून बघत होता. पार्वतीने मात्र पडद्याकडे पाहिलंच नाही.

"आवाज?" सगुणाने विचारलं.

"आवाज इतक्यात नाही. तीन महिने भरल्यावर."

"किती दिवसांचं हाय?"

डॉक्टरांनी पडद्यावर दोन फुल्या ठेवून मोजलं. "वाढ आठ आठवड्यांची."

"सतरा दिवसांआधी नऊ होतं ना? उलटं वाढतंय का?"

डॉक्टर मशीनची बटणं दाबत राहिले. मग मीच म्हटलं, "त्या दिवशी साडेपाच आठवड्यांचं होतं. म्हणून ठोका दिसला नाही. आणि डॉक्टर पाळीपासून धरतात, म्हणून त्यातले पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं."

"तू डॉक्टर आहेस का?" डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले.

"मग राहिलं कधी?" सगुणाने त्यांनाच विचारलं. "या दोघांना सांग."

"मार्चच्या शेवटी. साधारण."

"शिमग्याला?" अनंताने विचारलं. त्या दिवशी तो बोललेला हा एकच शब्द.

"मार्चच्या शेवटी म्हटलं ना!"

"लिहून दे," सगुणा म्हणाली. "मराठीत. आन पयला कागद चुकीचा होता तेबी लिव."

"चूकबिक मी लिहून देणार नाही."

ती आडवीच राहिली. पोट उघडं, जेली तशीच, हात टेबलाच्या कडांना घट्ट धरलेले. बाहेरून दार वाजायला लागलं. पाच मिनिटं गेली असतील. शेवटी मीच लेटरहेड घेतलं आणि लिहिलं: गर्भ मार्चअखेर राहिलेला आहे, ठोका चालू आहे. डॉक्टरांनी न वाचता सही मारली. चुकीबद्दलचं वाक्य त्यात आलं नाही.

सगुणाने तो कागद सासूपुढे धरला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने कागदाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे वळून विचारलं, "पोरगा हाय का?"

डॉक्टरांचा आवाज लगेच बदलला. "चौथ्या महिन्यात पोटातलं पाणी काढून सांगता येतं, आजी. इथेच होतं."

सगुणा ताडकन उठली. "आन पोरगी निघाली तर गो? धुशील?"

पार्वती बाहेर पडली. अनंताने सगुणाची पिशवी उचलायला हात पुढे केला, तिने ती त्याच्या हातातून ओढून घेतली. जाताना माझ्या टेबलाशी क्षणभर थांबली.

"बाई, माझं चुकलं त्या दिवशी," मी म्हटलं.

"माहीत हाय मला. कागद तूच वाचलास."

आणि गेली. डॉक्टरांनी मला काढलं मात्र नाही. नावं लिहायला दुसरं कोणी इतक्या लवकर मिळालं नसतं.

ती आमच्याकडे पुन्हा आली नाही. तिसरा महिना भरल्यावर मोठ्या इस्पितळात एका सिस्टरने तिच्या पोटावर छोटा डबा ठेवून ठोका ऐकवला. कमळ बरोबर होती. आधी नुसती खरखर, मग लांबून येणाऱ्या होडीच्या इंजिनासारखा आवाज, पण त्याहून कितीतरी घाईचा. सिस्टर डबा उचलायला लागली तर सगुणाने तिचं मनगट धरून ठेवलं. जिना उतरताना कमळला बजावलं, "ऐकलंस ते घरी कुणाला सांगू नको. त्यांचा काय संबंध?"

डिसेंबरात मुलगी झाली. बारशाला पार्वतीने चांदीचे वाळे आणले. सगुणाने ते अनंताच्या हाती परत पाठवले. पडवीतल्या तीन विटांच्या जागी पुढे स्टोव्ह आला, पण चूल एक झाली नाही. अनंता सगुणाकडे जेवायचा. तिने त्याला घरातून काढलं नाही आणि माफही केलं नाही. कोणी त्याबद्दल विचारलं तर म्हणायची, "त्याने विचारलं व्हतं मला, खरं सांग म्हणून." पार्वती त्यानंतर नऊ वर्षं जगली. शेवटच्या दिवसांत सगुणा तिला धुवायची, पुसायची, भरवायची, आणि यातलं काहीही करताना तिच्याशी एक अक्षर बोलायची नाही. मुलगी मात्र चालायला लागल्यापासून आजीच्या खोलीत जाऊन बसायची. सगुणाने तिला कधी हाक मारून परत बोलावलं नाही.

मी अठ्ठ्याऐंशीत ती नोकरी सोडली. त्याच वर्षी पोटातलं पोर मुलगा की मुलगी हे सांगण्यावर कायद्याने बंधन आलं आणि त्या तपासणीची जाहिरात करणारी सेंटरवरची पाटी बदलली. दोन वर्षांनी मी मुलाकडे चेंबूरला राहायला गेले. पहिल्याच रविवारी बाजारात सगुणा दिसली. मांडीशी तीनेक वर्षांची मुलगी एका चिंबोरीला काडीने डिवचत होती. मी समोर उभी राहिले, बोंबलांकडे बोट केलं.

तिने मला ओळखलं. "तुला नाय देत," ती म्हणाली आणि माझ्या मागच्या बाईला विचारलं, "तुला काय पायजे गो?"

मी पुढच्या ओट्यावरून बोंबील घेतले. पुढची पंधरा वर्षं मी त्याच बाजारात जात होते. तिने मला एकदाही मासळी दिली नाही, आणि मीही पुन्हा कधी मागितली नाही.