ऐन मारामारीत बंद पडलेला सिनेमा

आमच्या डिंडोलीचा केबलवाला हातात येईल त्या वस्तूवर आधी फुंकर मारायचा, मग ती कॅसेट असो की बिस्किट. कॉम्प्युटर आणून फोनला जोडला, तेव्हा त्यालाही फुंकर मिळाली. गल्लीतल्या बायका घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. त्या साड्यांचे फोटो त्याने इंटरनेटवरून दुबईच्या व्यापाऱ्याला पाठवले. लोक हसले.

एका रविवारी ऐन मारामारीत त्याने केबलवर लावलेला सिनेमा बंद केला. अख्खी गल्ली भांडायला त्याच्या दारात. तो शांतपणे म्हणाला, "दुबईची ऑर्डर आली. घरी जाऊन टीव्ही बघा."

धावत घरी आलो. पडद्यावर हिरवी साडी झळकत होती.

"हाई मनी साडी शे," आपण लावलेल्या टिकल्या ओळखून आई म्हणाली आणि पदराने टीव्हीची काच पुसू लागली.

सिनेमा पुन्हा लाव म्हणायला कोणीच गेलं नाही.