भिंतीआडची सेलिका

मोशीत जुन्या गावठाणाच्या कडेला भाड्याच्या खोल्यांची एक चार मजली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर, अगदी मागच्या अंगाला, एका बंद खोलीत सहा वर्षं एक मोटार उभी होती. खोलीला माणूस आत-बाहेर करील एवढंच दार होतं. मोटार बाहेर निघेल अशी वाट कुठेच नव्हती. मोटार सयाजीची आणि इमारत त्याच्या धाकट्या भावाची, रविराजची.

सयाजी आयटीआय करून चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला लागला, त्या वर्षी भोसरीच्या एका भंगारवाल्याकडे पत्र्याच्या ढिगाआडून त्याला एक लाल नाक दिसलं. १९७४ ची टोयोटा सेलिका. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून निघालेली, मग पाच-सहा हातांतून फिरलेली. शेवटच्या मालकाने तर मूळ इंजिन काढून जीपचं डिझेल इंजिन कोंबलं होतं. सयाजीने ती ट्रॅक्टरला बांधून घरी ओढत आणली. त्याचे वडील मारुतराव ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, ह्याच्याऐवजी म्हैस आणली असतीस तर दूध तरी निघालं असतं.

पण दूध न देणाऱ्या त्या जनावराने सयाजीला पुरतं वेड लावलं. मूळ जातीचं इंजिन त्याला दोन वर्षांनी कुर्ल्याच्या बाजारात सापडलं. जे सुटे भाग मिळत नव्हते ते तो जेवणाच्या सुट्टीत साहेबांना विचारून लेथवर करी. ब्रेकची रबरं दुसऱ्या गाड्यांची आणून घासून बसवली. खिडकीचं एक हँडल त्याने चार वेळा केलं, तेव्हा कुठे ते हाताला बरं लागलं. कंपनीत दिवसभर तो दुसऱ्यांच्या नकाशाप्रमाणे दुसऱ्यांचे साचे घडवायचा. गाडीपाशी आला की काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. एवढी एकच जागा त्याला तशी होती.

गाडी चालू झाली, रस्त्यावर आली, पण एक खोड तिने सोडली नाही. सात-आठ किलोमीटर गेलं की इंजिन गचके खाऊन बंद पडायचं. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा मुकाट्याने चालू. सयाजीने पेट्रोल पंप बदलला, कार्बोरेटर तीनदा खोलून धुतला, कॉइल बदलली, पॉइंट बदलले. पंधरा वर्षं झाली तरी खोड तशीच.

मग ते वाईट वर्ष आलं. कंपनीने एका वर्षाच्या प्रशिक्षणाला जपानला पाठवायला तिघं निवडले, त्यांत सयाजी होता. पासपोर्ट घरी आला आणि पुढच्याच आठवड्यात मारुतरावांना अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं, बोलणं बोबडं झालं. सयाजीची आई सावित्रीबाई आधीच वारली होती. मारुतरावांना, म्हणजे पोरांच्या आबांना, सयाजीशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपेना. रविराज हात लावायला गेला की ते उजव्या हाताने त्याला ढकलून द्यायचे. सयाजीच्या जागी जपानला दुसराच कोणी गेला. तेव्हापासून सयाजीचा दिवस ठरून गेला. पहाटे आबांचं अंग पुसायचं, पहिल्या शिफ्टची बस, साडेतीनला सुट्टी, घरी येऊन आबांना कुशीवर वळवायचं, भरवायचं. बायको विजयश्री दिवसा बघायची, पण उचलायला सयाजीच लागायचा.

घराभोवतीची राहिलेली जागा वाटून घेऊन रविराजने आपल्या वाट्यात खोल्या बांधायला काढल्या तेही त्याच सुमारास. मोशीत जो तो तेच करत होता. गाडीची शेड त्याच वाट्यात, मागे होती. कंपनीत शटडाऊनचं, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्त करायचं काम होतं, सयाजी आठवडाभर ओव्हरटाइम करत होता. रविवारी उजाडल्यावर बघतो तर शेडच्या तोंडावर कॉलमच्या सळया उभ्या आणि खाली काँक्रीट भरलेलं. रविराज म्हणाला, गाडी मागच्या बाजूने काढू. महिन्याभरात मागच्या प्लॉटवाल्याने कंपाउंडची भिंत घातली. पुढे कॉलमांच्या मधे विटा चढल्या, त्यात एक खोली झाली, खोलीत भाडेकरू आला.

सयाजी काही बोलला नाही.

दर रविवारी तो शेडमध्ये जाई. सायलेन्सरला जाड नळी लावून धूर खिडकीतून बाहेर सोडी आणि इंजिन चालू करी. गाडी दोन फूट पुढे घ्यायची, दोन फूट मागे. अर्धा-अर्धा तास इंजिन चालवलं तरी जागच्या जागी ते कधी बंद पडत नसे. दोष असा होता की तो रस्त्यावरच दिसायचा, आणि रस्ता भिंतीपलीकडे होता. सयाजी तरीही हुडकत राही. जे बिघडलं नव्हतं तेही खोलून, साफ करून परत बसवी. भावाबद्दल त्याच्या मनात एक अढी बसली होती. ती तो कुणाला दाखवत नव्हता, पण रोज जिना चढताना त्याला ती जाणवायची.

मागच्या वर्षी एकदा शिफ्ट करून तो घरी आला, तर शेडमध्ये एक अनोळखी माणूस उकिडवा बसलेला. हातात खडू होता. दारावरून, बॉनेटवरून, छपरावरून त्याने पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. कुठून कापलं म्हणजे तुकडे दारातून निघतील, ते तो ठरवत होता. शेजारच्या भाडेकरूंनी धुराची तक्रार केली होती, रविराजला तिथे आणखी एक खोली काढायची होती, म्हणून त्याने गॅस कटरवाला बघायला पाठवला होता. उद्या येतो म्हणून तो माणूस गेला.

सयाजीने फडकं ओलं केलं आणि रेघा पुसायला लागला.  विजयश्री दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही भावजींना विचारलंय का कधी?" ती म्हणाली.

"काय विचारायचं?"

"हेच. गाडी बाहेर काढू दे म्हणून. सहा वर्षं मी बघतेय, तुम्ही माझ्याशी बोलता, गाडीशी बोलता. त्यांच्याशी नाही बोलत."

तो हात न धुताच वर गेला. रविराज जेवत होता. सयाजीने उभ्यानेच सांगितलं, की गाडी कापायची नाही, पुढची भिंत फोडू दे, मी ती परत बांधून देईन. एवढं बोलायला त्याला फार वेळ लागला. रविराज घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला.

"दादा, मला वाटलं ती तुझ्या मनातनं गेली."

"दर रविवारी चालू करतो मी."

"व्हय, पण मला वाटलं नाद हाय, टाइमपास. कॉलम पडला तवा तू कायच बोललास न्हाई. एक शबूद. तवा बोलला असतास तर दोन फूट सरकवला असता की राव. आर्किटेक्टनं इचारलं बी हुतं मला, हितं कायी ठेवायचंय का म्हणून."

सयाजी खाली बसला. हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं ज्या गोष्टीला तो भावाचा अन्याय समजत होता, तिच्यात निम्मं त्याचं स्वतःचं गप्प राहणं होतं. त्याला रडू आलं नाही, रागही आला नाही. लग्नाच्या घरातून पाहुणे एकदम निघून जावेत तसं मोकळं मोकळं आणि वाईट वाटलं. रविराज ताट बाजूला सारून म्हणाला, भिंत फोड, भाडेकरूला मी वरची खोली देतो.

पण भिंत फोडून भागणार नव्हतं. दोन कॉलमांमधलं अंतर सयाजीने तीनदा मोजलं. पाच फूट एक इंच. गाडीची रुंदी पाच फूट तीन. दोन इंचांनी अडली. कॉलमला हात लावायचा तर त्यावर वरचे सगळे मजले उभे होते.

चार दिवस तो कंपनीत जाता-येता तेच घोळवत होता. पाचव्या दिवशी टूलरूममध्ये क्रेनने एक मोठा साचा पलटी करताना त्याला सुचलं. गाडी पाच फूट तीन इंच रुंद आहे, पण उंची सव्वाचार फूटच. ती कुशीवर आडवी केली तर निघेल.

पुढच्या खोलीतला भाडेकरू ज्योतीराम धाराशिवकडचा, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. त्याला सयाजीने कागदावर सांगाडा काढून दाखवला. लोखंडी चौकट, खाली चाकं, मधे गाडी बांधून हळूहळू एका अंगावर वळवायची. "भाऊ, हे होतंय की," ज्योतीराम म्हणाला, "पण मापात फरक पडू देऊ नका." खोली त्यालाच सोडावी लागणार होती, तरी पुढचे तीन रविवार तो सयाजीबरोबर राबला. इंजिन आणि गिअरबॉक्स चेन ब्लॉकने काढून बाजूला घेतले. पेट्रोल काढलं, बॅटरी काढली, गाडीची चाकं काढली, काचा गोधडीत गुंडाळल्या. विटा उतरवल्या तेव्हा खोलीत इतका उजेड आला की गाडीचा लाल रंग सयाजीला अनोळखी वाटला.

गाडी कुशीवर वळताना पत्रा कण्हल्यासारखा वाजला. सगळे जागच्या जागी थांबले. सयाजीने एक बोल्ट आवळला, मग पुन्हा दोर सैल केला. रविराज पुढून ओढत होता, भाडेकरू पोरं दोन्ही बाजूंनी. लोखंडी चौकटीसकट दोन्ही कॉलमांपाशी बोटभर जागा राहिली. दुपारी बाराच्या सुमारास सेलिका गल्लीत आली, आडवीच, चाकं नसलेली, एखाद्या आजारी जनावरासारखी. सयाजीने आधी आत जाऊन आबांना कुशीवर वळवलं, मग परत येऊन तिला सरळ केलं.

ज्योतीरामच्या शेठने वर्कशॉपचा एक कोपरा दिला. तिथे जोडणीला चार महिने गेले. मग कागदपत्रं, आरटीओच्या खेपा. तिसऱ्या खेपेला पासिंग मिळालं. एका रविवारी सकाळी सयाजी आणि विजयश्री भोसरीहून नाशिक रस्त्याने चाकणच्या दिशेला निघाले. नव्याकोऱ्या गाड्या लादलेले लांबलचक ट्रक शेजारून जात होते आणि त्यांच्या सावलीत सेलिका अगदीच ठेंगणी दिसत होती. चिंबळी फाट्याजवळ तिने गचके खाल्ले आणि बंद पडली.

सयाजी या वेळी बॉनेटकडे गेला नाही; इंजिनातलं खोलायचं असं काही उरलंच नव्हतं. तो मागे गेला आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आत हवा ओढली गेल्याचा लांब फुस्स आवाज आला. त्याने लगेच किल्ली फिरवली. इंजिन चालू.

टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी वरून हवा आत जायला हवी. ती जाण्याची बारीक नळी डिकीच्या अस्तराआड कधीतरी दुमडून चेपली गेली होती. जोरात पळवलं की टाकीत पोकळी व्हायची आणि पंपाला पेट्रोल मिळायचं नाही. उभ्या गाडीत पेट्रोल इतकं थोडं लागायचं की कळायचंच नाही. सयाजीने अस्तर उचकटलं, नळी बोटांनी सरळ केली. दोन मिनिटांचं काम. विजयश्रीने विचारलं, एवढंच होतं? तो हो म्हणाला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिला. बावीस वर्षं तो इंजिनाला दोष देत आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. रविराजचा होता. सकाळी तो स्वतःहून म्हणाला होता, आज आबांचं मी बघतो.

"दादा, आबांना वळवायचं कसं? हात लावू देत न्हाईत."

सयाजी उठून उभा राहिला. गाडी फिरवून घरी जायला पंचवीस मिनिटं लागली असती. विजयश्री त्याच्याकडे बघत होती.

"उजवा हात धरू नकोस त्यांचा," तो म्हणाला. "तो मोकळा ठेव. आधी गुडघा वाकव. मग खांद्याखाली हात घाल. आणि सांगून कर. आबा, वळवतो, असं म्हण."

पलीकडे बराच वेळ नुसती चादरीची खसखस ऐकू येत राहिली. मग आबांचा बोबडा आवाज, शिवीसारखं काहीतरी. मग रविराज, धापा टाकत. "झालं. शिव्या देतायत, पण झालं."

ते राजगुरुनगरपर्यंत गेले. पुढे जुन्नरचा रस्ता होता, विजयश्रीच्या माहेरचा. चहा घेताना ती त्या रस्त्याकडे बघत होती, पण दोनला आबांना पुन्हा वळवायचं होतं आणि सोमवारी पहिली शिफ्ट. एक वाजायच्या आत ते भोसरीत परतले. घरी तिला शिरायला वाट नव्हतीच, म्हणून गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात लावून सयाजीने तिच्यावर ताडपत्री टाकली आणि दोघं घरी जायला बसच्या थांब्याकडे निघाले.